गव्हाणे बाईंचे पत्ते

पंचनाम्यात लिहिलं होतं, 'चित्रविचित्र पत्ते, नग अठ्ठ्याहत्तर.' खाली दोन पंचांच्या सह्या आणि त्यांच्याखाली मुख्याध्यापक म्हणून माझी. शिक्षिका दैवशाला गव्हाणे यांनी विद्यार्थ्यांवर अघोरी प्रयोग केले, असं त्या कागदात होतं. ते खोटं आहे हे मला पुरतं माहीत होतं, तरी मी सही केली. या गोष्टीत मी पुष्कळांवर चिडणार आहे, म्हणून आधी स्वतःचं सांगून टाकतो.

गावाचं नाव लिहीत नाही. ताडकळसच्या बाजाराला मोटारसायकलवर पंधरा मिनिटांत पोचता येतं, एवढं पुरे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. मुलं मागं राहावीत म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालायचं. दोन खोल्या, सतरंज्या आणि पार्वतीबाईंच्या हातचं जेवण. आईबाप सहा महिने नजरेआड. त्या मुलांना शिकवायचं कसं, हा प्रश्न आम्हा शिक्षकांना पडायचा, आणि खरं सांगायचं तर आम्ही तो फार वेळ पडू देत नव्हतो. हजेरी भरली की झालं.

दैवशाला मात्र वेगळी. ती झरीची. आईबाप ऊसतोड करणारे, त्यामुळं चौथीपर्यंत तिची निम्मी शाळा उसाच्या फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, बुडालेली. पुढं मावशीनं घरी ठेवून घेतलं म्हणून शिकली. परभणीच्या कॉलेजात एकांकिकांमधून कामं केली, डी.एड. झाली आणि नोकरीला लागली. नवरा परमेश्वर परभणीत वायरमन. ती रोज स्कूटीवरून येई, उंच, खणखणीत आवाजाची, कमी हसणारी. तिला काही विचारलं की ती उलट प्रश्न विचारायची. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटायचा.

एका उन्हाळ्यात ती सुट्टीतल्या नाट्यशिबिराला पुण्याला गेली आणि येताना पत्त्यांचा एक मोठा कॅट घेऊन आली. टॅरोचे पत्ते. प्रत्येकावर रंगीत चित्र, कुठं राजा, कुठं तलवारी, कुठं होडी. शाळा उघडली त्याच आठवड्यात मी तिला ऑफिसात बोलावलं.

"बाई, हे भविष्य सांगायचे पत्ते. शाळेत कशाला?"

"सर, एक उचला," ती म्हणाली.

मी नाखुशीनं उचलला. एक म्हातारा बर्फाच्या डोंगरावर कंदील धरून उभा होता.

"हा काय करायलाय?"

"काहीतरी शोधतोय."

"काय?"

माझ्या तोंडून एकदम निघालं, "बैल." आणि मी सांगत गेलो. मी नऊ वर्षांचा असताना आमचा बैल दावं तोडून गेला होता. वडील तीन दिवस पूर्णेच्या काठानं हिंडले, परत आले आणि ओसरीवर बसून रडले. बाप रडतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चाळीस-पन्नास वर्षांत ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती.

"पत्त्यानं काही सांगितलं का, सर?" तिनं विचारलं. "का तुमी सांगितलं?"

मी परवानगी दिली. तोंडी. लेखी दिली असती तर पुढं तिच्या कामी आली असती, पण लेखी द्यायची आपल्याला सवय नसते.

पत्त्यांखालच्या इंग्रजी नावांवर तिनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. नावं मुलांनी ठेवायची. घोड्यावरच्या सांगाड्याला त्यांनी 'हाडक्या' म्हटलं आणि कड्याच्या टोकाशी कुत्रं घेऊन निघालेल्या पोराला 'बेफिकीर'. मग खेळ सुरू झाले. पहिला पत्ता म्हणजे हा माणूस कोण, दुसरा म्हणजे त्याला कोण अडवतंय, तिसरा म्हणजे शेवटी काय होतं. तेवढ्यावर गोष्ट रचायची आणि वहीत लिहायची. कधी चार-पाच मुलांनी चित्रासारखं निश्चल उभं राहायचं आणि बाईंनी टाळी वाजवली की त्या चित्राला हलू द्यायचं. पत्ता उलटा निघाला तर तीच गोष्ट दुसऱ्या माणसाच्या बाजूनं सांगायची. ज्या वर्गात 'माझा आवडता सण' या निबंधाच्या चार ओळी निघत नव्हत्या, तिथं मुलं पानं भरून लिहायला लागली. मी त्या वह्या तपासल्या आहेत. शुद्धलेखनाचे बारा वाजलेले, पण एकाही वहीतली गोष्ट दुसऱ्या वहीत नव्हती.

गावात बातमी पसरली, पण भलतीच. बाई भविष्य बघतेत! आमच्या पार्वतीबाईंनीच सुरुवात केली. खिचडीची पातेली घासून झाल्यावर पदराला हात पुसत त्या वर्गाच्या दारात आल्या.

"बाई, माज्या पोराला नोकरी कधी लागंल तेवढं बगा की."

"मावशी, याच्यात भविष्य न्हाई. कागदाला काय कळतंय तुमच्या पोराचं?"

पार्वतीबाई हिरमुसल्या, पण ऐकून गेल्या. ऐकलं नाही ते व्यंकटरावांनी.

व्यंकटराव म्हणजे ऊसतोड टोळीचे मुकादम. गावातल्या नवराबायकोच्या पन्नास जोड्या तेच कारखान्यावर नेतात. त्यांची मुलगी सहावीत, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही तेच. दिवाळीच्या आधी सोसायटीची निवडणूक होती. ते माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि दैवशालाला बोलावणं धाडलं.

"बाई, आमच्यासाठी बी एक पत्ता काढा. पॅनल येतंय का न्हाई, तेवढंच."

"भाऊ, हे पत्ते गोष्टी लिहायला हायेत. माझ्याकडं कसली विद्या न्हाई."

"लोकांना सांगताव आणि आमाला न्हाई?"

"कुणालाच सांगत न्हाई. ज्याला मतं पायजेत त्यानं दारोदार जावं."

व्यंकटराव हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. पुढं त्यांचं पॅनल पडलं. बाईंनी जाणूनबुजून सांगितलं नाही, असं ते चार ठिकाणी बोलले. हा माणूस बोअर कुठं घ्यायचा ते तळहातावर नारळ उभा करून ठरवतो आणि पोरीची सोयरीक पंचांग उघडल्याशिवाय बोलत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं हाच माणूस अंधश्रद्धेविरुद्ध तक्रार घेऊन उभा राहिला.

दिवाळीनंतर वसतिगृह भरलं. त्यात सातवीतली सृष्टी होती. ही मुलगी बोलत नसे. हजेरीला 'उपस्थित' म्हणायची, तेवढाच तिचा आवाज. आदल्या हंगामात आईबापांबरोबर फडावर गेली, तोपर्यंत अशी नव्हती. काय झालं, आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात एके दुपारी तिच्या हाती एक पत्ता आला. एक माणूस दहा काठ्यांचा भारा कवेत घेऊन वाकून चाललाय, भाऱ्यामुळं त्याचं तोंडही दिसत नाही. ज्यानं कुणी दूरदेशी हे चित्र काढलं, त्याला ऊस ठाऊक असेल-नसेल. आमच्या मुलांनी बघताक्षणी ओळखलं. मोळी!

"हा कुठं निघालाय?" दैवशालानं विचारलं.

सृष्टी गप्प. बाईही गप्प. मी व्हरांड्यात उभा होतो. वर्गात एवढी शांतता मी मारूनही कधी आणू शकलो नव्हतो.

"ट्रॉलीवर चढायलाय," सृष्टी म्हणाली.

"मग?"

"फळी वली हाय. तेला पुढलं दिसंना."

"मग?"

"पडली." तिनं 'पडला' म्हटलं नाही. मग एकदम सगळं आलं. आई मोळी घेऊन फळीवरून घसरली, पाय मांडीतून मोडला. बापानं मुकादमाला म्हटलं, गाडी द्या, दवाखान्यात नेतो. मुकादम म्हणाला, "गाडी ऊस भरायला हाय, माणसं भरायला न्हाई." आई दोन दिवस कोपीत पडून राहिली. पाय वाकडा जुळला. आणि यंदा तीच आई त्याच पायावर पुन्हा तोडीला गेली होती.

दैवशालानं तिला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "हे लिही. तुला वाटलं तरच वाच."

तिनं लिहिलं आणि वाचलंही. मग वसतिगृहातली अकरा मुलं म्हणाली, ह्याचं नाटक करू. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर पटांगणात ते झालं. सृष्टी आई झाली. आठवीतला भारत खांद्यावर टॉवेल टाकून मुकादम झाला. कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण ते गाडीचं वाक्य होतं. भारतनं ते चिडून नाही, कानात काडी घालत, दुसरीकडं बघत म्हटलं. मंडपात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुलांचे आईबाप तर फडात होते. समोर होते आजा-आज्या आणि पुढच्या खुर्चीवर झेंड्यापुरते जीपनं आलेले अध्यक्ष व्यंकटराव. ते नारळ तसाच टेबलावर ठेवून उठून गेले.

चौथ्या दिवशी तक्रार आली. नाटकाचा त्यात एक शब्दही नव्हता. शिक्षिका काळ्या जादूचे पत्ते वापरते, मुलं झपाटल्यासारखी बोलतात, हाडाच्या सांगाड्याची पूजा होते, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल करावा. खाली बेचाळीस सह्या. त्यातल्या किमान दहा जणांनी आधी माझ्याकडं विचारणा केली होती, "बाई आमचं बी बघतील का?" म्हणून!

व्यंकटराव दोन माणसं घेऊन ऑफिसात आले. दैवशालाच्या टेबलाच्या खणातून कॅट काढला, मोजला आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"माधवराव, रिटायरमेंटला दीड वर्ष राह्यलंय न्हवं तुमचं? इज्जतीनं जा."

बस. एवढ्यावर मी सही केली. कुणी मारलं नाही की कोंडलं नाही. दैवशाला समोर उभी होती. व्यंकटरावांना म्हणाली, "भाऊ, पत्ते घेऊन जा. पोरांच्या तोंडातलं कसं नेताव?"

आठ दिवसांत वरून आदेश आला, चौकशी होईपर्यंत जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या बाजूच्या शाळेत प्रतिनियुक्ती. परभणीहून ते एका टोकाला. तिचं लेकरू तीन वर्षांचं. तिनं स्कूटी परमेश्वरला दिली आणि बसनं जायला लागली. गावात पोरं तिच्या नावानं 'चेटकीण' म्हणून ओरडायची. ही पोरं कुठून शिकली असतील? आईबापांकडून. ज्या गावात एका बाईच्या दारात लिंबू दिसलं तरी तिला वाळीत टाकतात, त्या गावानं तो शब्द एका शिक्षिकेला चिकटवला, आणि वर म्हणायचं, आम्ही विज्ञानवादी!

वसतिगृहातली संध्याकाळ पुन्हा पूर्वीसारखी झाली. मुलं जेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. सृष्टी पुन्हा 'उपस्थित'वर आली.

चौकशी एप्रिलअखेरीस लागली. तोवर टोळ्या परतल्या होत्या. विस्तार अधिकारी माणूस वाईट नव्हते, घाईत होते. वर्गात पंखा गरगरत होता. टेबलावर तो कॅट सीलबंद पिशवीत, जणू खुनातला कोयता. भिंतीशी व्यंकटराव आणि त्यांची माणसं, खिडकीशी दैवशाला. अधिकाऱ्यांनी आधी मुलांना विचारलं.

"बाई पत्ते दाखवून तुम्हाला काय सांगायच्या?"

"काय सांगत न्हाईत सर," भारत म्हणाला. "इचारतेत."

"काय विचारतात?"

"हा कोण हाय, तेला काय पायजे, तेला कोण अडवायलंय."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "मग तुम्ही काय म्हणायचा?"

"आमाला जे म्हाईत हाय ते."

"सगळं पढवलेलं हाय, साहेब," व्यंकटराव मधेच म्हणाले. "पोरांवर भूल घातलीय."

तेव्हा दारात कुणीतरी फरशीवर काठी टेकवली. सृष्टीची आई होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती एक पाय ओढत सरळ टेबलापर्यंत आली.

"साहेब, पोरगी जे बोलली ते खरं हाय. पत्त्यानं सांगितलं असंल-नसंल, आता म्या सांगते. ह्यो माजा पाय. आणि त्यो गाडी न देणारा." तिनं बोट केलं. "लिहून घ्या."

"मावशी, आजचा विषय पत्त्यांचा आहे," अधिकारी म्हणाले.

"मंग इषय चुकलाय तुमचा."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. इतकं नेमकं वाक्य ऐकलं नाही. ती अशिक्षित बाई काठीवर उभी राहून बोलली आणि मी, दोन पदव्यांचा माणूस, खुर्चीत बसलेलो. मला माझीच किळस आली. मी उठलो. सांगितलं की परवानगी मी दिली होती, अध्यक्षांनी स्वतः निवडणुकीचं भविष्य विचारलं होतं आणि बाईंनी नकार दिला होता, पंचनामा खोटा आहे आणि त्यावर मी भीतीपोटी सही केली. व्यंकटराव ओरडायला लागले. अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. दैवशालानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

अहवाल जूनमध्ये आला. 'सदर पत्त्यांचा वापर लेखन व नाट्य यांच्या सरावासाठी झाल्याचे दिसून येते. आक्षेपार्ह बाब आढळून आली नाही.' हे वाचून मी पेढे आणायला माणूस पाठवणार होतो. पण पुढं एक शब्द होता. 'तथापि, ग्रामस्थांच्या भावना विचारात घेता प्रतिनियुक्ती कायम ठेवण्यात येत आहे.'

तथापि! गुन्हा नाही, तथापि शिक्षा आहे. कोणत्या ग्रामस्थांच्या भावना? काठी टेकत आलेली ती बाई ग्रामस्थ नव्हती? अकरा मुलांना भावना नव्हत्या? मोडलेल्या पायाबद्दल त्या चार पानांत एक ओळ नव्हती. तो शब्द आठवला की आजही माझं डोकं सणकतं.

दैवशाला रडत बसली नाही. माहितीच्या अधिकारात तिनं सगळे कागद काढले आणि ते घेऊन माझ्याकडं आली. पंचनामा टेबलावर ठेवला.

"सर, सही करताना वाचलं होतं का?"

"वाचलं होतं."

"न वाचता केली असती तर मी माफ केलं असतं."

मग अपिलाच्या अर्जासाठी माझा लेखी जबाब मागितला. मी दिला, या वेळी लेखी. ती दर महिन्याला परभणीत हेलपाटे घालत राहिली. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, साहेब बदलले. चारठाण्याकडच्या शाळेत तिनं नवेच पत्ते केले, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला मुलांनी स्वतः काढलेले. त्यांत मंदिराचा खांब होता, मेंढ्या होत्या, बिघडलेला ट्रान्सफॉर्मर होता. तिथं कुणी तक्रार केली नाही. तिथला मुकादम कुणाच्या गोष्टीत आला नसेल अजून.

अहवालानंतर प्रतिनियुक्ती रद्द व्हायला चौदा महिने लागले. तोवर मी निवृत्त झालो होतो. समिती बदलली. पालकांच्या बैठकीत सृष्टीच्या आईचं नाव सदस्य म्हणून आलं आणि कुणी विरोध करू धजलं नाही. व्यंकटरावांचं काही बिघडलं नाही. टोळी त्यांचीच आहे, जीप नवी आहे. सृष्टी आता ताडकळसच्या शाळेत दहावीला आहे. सतत बोलते, असं तिची आई वैतागून सांगते.

परत रुजू झालेल्या दिवशी मी दैवशालाला भेटायला गेलो. म्हटलं, "बाई, जिंकलात."

"काय जिंकले, सर? भारत कुठं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. तिला होतं. चौदा महिन्यांत अकरापैकी तीन मुलं शाळा सोडून आईबापांबरोबर फडावर गेली, त्यांत भारत एक. ती सुट्टी काढून त्याच्यामागं कारखान्यापर्यंत जाऊन आली होती. तिकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. भारतचा बाप तिला थोड्या कौतुकानंच म्हणाला, "बाई, आता त्यो अर्धा कोयता झाला की." भारत चिखलाचे हात मागं लपवून उभा होता. ती रिकाम्या हातानं परतली.

"दिवाळीनंतर टोळ्या निघतील, त्याआधी पुन्हा जाणार हाय त्याच्या घरी," ती म्हणाली. "नववीचा फॉर्म घेऊन."

"मी येऊ का सोबत?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, त्या पंचनाम्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"या. पण तिथं बोलावं लागंल, सर. नुसतं उभं राहायचं न्हाई."